बेसबॉलच्या सिनेमावरचे बत्तीस संभाव्य प्रश्न

भूकंपानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एक गृहस्थ मुरुडहून एसटीनं लातूरला आले, माझ्या खोलीचा जिना चढले आणि टॉवेलात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट माझ्या हातात देऊन म्हणाले, "पाव्हणे, ही तुमच्या ताईसाठी. आमच्या पोरानं अमेरिकेहून धाडली. सांभाळून न्या."

मी तेव्हा सतरा वर्षांचा. अकरावी संपून बारावीची सुट्टीतली बॅच सुरू झालेली. सतरा वर्षांच्या, मिसरूडही धड न फुटलेल्या पोराला पाव्हणे म्हणणारा माणूस समोर आला की सावध व्हावं. एक तर तो फार सभ्य असतो, नाहीतर सोयरीक होऊ घातलेली असते. इथं दोन्ही होतं.

"पोराचा निरोप असा हाय," ते कॉटच्या कडेवर जेमतेम टेकत म्हणाले, "की तुमच्या ताईनं आधी हा पिक्चर बघावा. मग रविवारी सकाळी तो फोन करतो. मग काय ते ठरवू."

"पिक्चर कशाचा आहे, काका?"

"आता मला काय म्हाईत? आमच्या घरी टीव्हीच भिताडाखाली गेला." आणि वर स्लॅबकडं बघून ते उठले. "तुम्ही हितं झोपता व्हय? बरंय बाबा."

झोपतच होतो. आमच्या मालकांनी भूकंपानंतर अंगणात पत्र्याची शेड ठोकली होती आणि सहकुटुंब तिथं राहायला गेले होते. ज्या स्लॅबखाली त्यांना भीती वाटायची, तिथं त्यांनी सहा विद्यार्थी ठेवले. क्लासेसमुळं गावात खोल्या मिळत नव्हत्या, त्यामुळं आम्ही त्यांचे आभारही मानले.

आता ताईबद्दल. माझी एकुलती एक बहीण, वय सव्वीस, नांदेडला शाळेत सहावीला विज्ञान शिकवायची. तिला लातूरकडची दोन बरी स्थळं आली होती, ती आईनं मोडली. कारण एकच, जमीन हलते. आईनं घरात कपाटावर एक तांब्या उपडा ठेवून त्यावर पेला उभा केला होता. पेला पडला की पळायचं, असा नियम. मांजरानं तो दोनदा पाडला आणि दोन्ही वेळा आम्ही पळालो. अशा बाईला अमेरिकेतलं स्थळ आलं म्हटल्यावर तिनं पत्रिकासुद्धा पाहिली नाही.

हा मुलगा हिवाळ्यात येऊन गेला होता. लातूरला एका नातेवाइकांकडं दहा मिनिटं भेट झाली. त्यानं ताईला विचारलं, "सहावीतली पोरं ऐकतात का तुमचं?" ताई म्हणाली, "न्हाई." तो म्हणाला, "माझंही ऑफिसात कुणी ऐकत न्हाई," आणि दोघं हसले. वडीलधारी मंडळी दचकली. त्यानंतर तो परत गेला आणि चार महिने होकार नाही, नकार नाही. ताई कुणाला काही बोलली नाही. फक्त मला एकदा बसस्टँडवर सोडायला आली तेव्हा, गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "मला हा पाहिजे. कुणाला बोललास तर बघ."

तर ती कॅसेट मांडीवर घेऊन मी नांदेडच्या गाडीत बसलो. नुकतंच चुंबकत्वाचं प्रकरण संपलेलं. चुंबकानं फीत पुसली जाते, एवढं ज्ञान मला झालं होतं. आणि माझ्या डोक्यावरच गाडीचा स्पीकर. स्पीकरमध्ये चुंबक असतो. मी जागा बदलली. तिथं एका माणसाच्या पायाशी पंप होता. मोटरीत चुंबक असतो. शेवटी मी अहमदपूरपासून पुढं उभा राहून, कॅसेट डोक्यावर धरून आलो. कंडक्टर म्हणाला, "देव आहे का त्यात?" मी हो म्हणालो. त्यानं नमस्कार केला.

घरी बाबांनी निरोप दोनदा ऐकला. बाबा गणिताचे मास्तर. त्या वर्षी त्यांनी घरीही पोरं घ्यायला सुरुवात केली होती आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना टेस्ट सिरीजसारखी दिसायला लागली होती.

"म्हणजे आधी अभ्यासक्रम दिलाय," ते म्हणाले. "रविवारी तोंडी."

"अहो, सिनेमा आहे तो," आई म्हणाली.

"सिनेमा बघा, मग बोलू, म्हणजे काय? त्यातलं विचारणार. मुलीला इंग्रजी किती येतं, तिकडचं काही समजतं का, हे बघायची पद्धत आहे ती. हुशार दिसतोय मुलगा. आपण तयारी करून घेऊ. दोन दिवस आहेत."

ताईनं नवी वही आणली. ते बघून मी दाराकडं सरकायला लागलो, कारण पुढचं वाक्य मला दिसत होतं. ते आलंच.

"हा आहे ना भाषांतराला," बाबा माझ्याकडं बोट करून म्हणाले. "लातूरला शिकून राहिलाय, इंग्रजी माध्यमात."

आता खरं सांगायचं तर आमचं इंग्रजी माध्यम असं होतं: सर फळ्यावर इंग्रजीत लिहायचे आणि मराठीत शिव्या द्यायचे. बोललेलं इंग्रजी मी रेडिओवरच्या बातम्यांपलीकडं ऐकलेलं नव्हतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाबा ज्या अभिमानानं माझ्याकडं बघत होते, त्यात नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

व्हीसीआर भाड्यानं आणला. कॅसेट लावली. पडद्यावर काळीपांढरी माणसं दिसली, आणि लगेच ती वर सरकायला लागली. डोकी वर जायची, पाय खालून यायचे, मधून जाड पट्टा फिरायचा, सगळं थरथरत. आई झटकन उठली, "बाहेर चला!" म्हणून ओरडली आणि आम्ही चौघं अंगणात. आम्हाला बघून शेजारचे बाहेर आले, त्यांना बघून पलीकडचे. पाच मिनिटं अख्खी गल्ली रस्त्यावर उभी होती. मग बाबा हळूच म्हणाले, "टीव्हीच हलत होता वाटतं."

व्हिडिओवाला मशीन परत न्यायला आला तेव्हा त्यानं कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली. "मास्तर, ही तिकडची हाय. तिकडची सिस्टीम येगळी. आपल्या मशीनवर न्हाई चालत. दोन्हीकडच्या कॅसेटी चालणारं मल्टीसिस्टीम मशीन लागतं, सौदीवाले आणतात ते. कुणाचं पोरगं सौदीला असंल तर बघा."

बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुक्काम सौदीत होता. त्याची आई जुन्या गावात राहायची, आम्ही तिला चाची म्हणायचो. मशीन होतं. चाचींची अट एकच: "मैं बी देखूंगी. बेटी का रिश्ता है ना, मेरेकू बी मालूम होना."

शुक्रवारी सकाळी आम्ही चाचींच्या बैठकीत रांगेनं बसलो. चाची पलंगावर, आई-ताई सतरंजीवर, बाबा खुर्चीत वही घेऊन, आणि मी टीव्हीच्या शेजारी स्टुलावर, वर्गात नकाशा दाखवायला उभं केल्यासारखा. सिनेमा सुरू झाला. रंगीत, स्वच्छ. आणि पहिल्याच मिनिटाला माझ्या लक्षात आलं की मला काही, म्हणजे काहीच, समजत नाहीये. ती माणसं शब्द चावून, गिळून, उरलेलं नाकातून सोडत होती.

"काय म्हणला तो?" बाबांनी मशीन थांबवलं.

"म्हणला... आज मॅच आहे."

हे सेफ होतं, कारण मागं मैदान दिसत होतं. खेळ बेसबॉलचा. बॅट मुसळासारखी, बॉलर खांद्यावरून फेकतो, मागं जाळी तोंडाला लावून विकेटकीपर बसतो. बाबांनी हे सगळं लिहून घेतलं. गाव लहान, स्टँडमध्ये पन्नास माणसं, टीम कायम हरणारी. जुनाट बसमधून गावोगाव जाऊन हरून येणारी. तो विकेटकीपरच हीरो. वय झालेलं, उठताना गुडघे धरायचा. आणि मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला एक बाई होती. ती त्याला सारखी टाकून बोलायची.

"ही कोण ह्याची?" आईनं विचारलं.

ज्या पद्धतीनं ती बोलत होती त्यावरून मी अंदाज बांधला. "बहीण," मी म्हणालो.

बाबांनी लिहिलं: नायकाची बहीण मैदानावर नोकरीस आहे. चाची म्हणाल्या, "कित्ता झगडरी भाई से. मेरे घर में बी ऐसाच था." सगळ्यांना तिचा लळा लागला. अर्ध्या तासानं त्या बहिणीनं भावाला चुन्याच्या डब्याशेजारी उभं करून, त्याची टोपी मागं सारून, असं चुंबन घेतलं की बैठकीत कुणी श्वास घेईना.

"या अल्ला!" चाची.

बाबांनी चष्मा काढला. "पाणी मिळेल का जरा?" असं म्हणत ते स्वयंपाकघराकडं निघाले. आई माझ्याकडं बघत होती.

"मानलेली बहीण असेल," मी म्हणालो.

त्यानंतर माझ्या शब्दाला कोर्टात उभ्या राहिलेल्या फितूर साक्षीदाराएवढी किंमत राहिली. पण दुसरा भाषांतरकार नव्हता, म्हणून मलाच चालू ठेवलं. पुढं बाबांना आणखी तीनदा तहान लागली आणि तिन्ही वेळा चाची म्हणाल्या, "मास्तरसाब कू फिर प्यास लगी देखो." त्या एकट्या मनमोकळं हसत होत्या. आम्ही चौघं मात्र असे बसलो होतो की कुणी दारातून बघितलं असतं तर टीव्हीवर निकाल जाहीर होतोय असं वाटलं असतं.

शेवटी शेवटी हीरोला एक फोन आला. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग बॅग घेऊन मैदानावर गेला. बाई रेघा मारत होती. तो काहीतरी बोलला, ती काहीतरी बोलली, दोघं हसली आणि सिनेमा संपला.

"काय झालं?" बाबांनी पेन उचललं.

सगळे माझ्याकडं बघत होते. ताई तर अशी, की पापणी हलत नव्हती. मला एकच शब्द ओळखू आला होता, बिग. "त्याला मोठ्या टीमचं बोलावणं आलं," मी म्हणालो. "तो चाललाय. ती पण जाणार त्याच्याबरोबर."

"बरोबर!" बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "हाच मुद्दा आहे. मी मोठ्या जागी पोचलोय, तू सगळं सोडून येशील का, असं विचारतोय मुलगा." त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्या. संध्याकाळपर्यंत बत्तीस संभाव्य प्रश्न तयार झाले. नायकाचा पोशाख क्रमांक काय? बसचा रंग कोणता? नायिकेने मोठ्या शहरात जाण्यास संमती का दिली, सकारण सांगा. ताईनं सगळी उत्तरं पाठ केली. सहावीच्या बाई, स्वतः मान हलवत घोकत होत्या. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो.

शनिवारी दुपारी ताई म्हणाली, "पुन्हा एकदा बघू, फक्त शेवट." बाबांची शिकवणी होती, म्हणून आम्ही दोघंच चाचींकडं गेलो. शेवट लावला. तो हीरो मैदानावर आला, बोलला, हसला. चाची पलंगावर सुपारी कातरत होत्या. त्या म्हणाल्या, "ये किधर जारा?"

"मोठ्या टीममध्ये, चाची. कल बताया ना," मी म्हणालो.

"मियाँ, मेरा बच्चा तीन बार सौदी गया मेरे सामने से. जानेवाला बॅग हात में पकड के बात करता. छोडताच नई उसकू. इसने तो नीचे रख दी."

ताईनं माझ्या हातातून रिमोट घेतला. मागं नेलं. पुन्हा पाहिलं. बॅग त्यानं खरंच खाली ठेवली होती, आणि वर बाईच्या हातातला रेघा मारायचा गाडा स्वतः धरला होता. तिसऱ्यांदा पाहिलं. आता मला त्याचा चेहराही दिसला. निवड झालेल्या माणसाचा चेहरा मला ठाऊक होता, क्लासमध्ये दर महिन्याला गुणांची यादी लागायची. हा तो चेहरा नव्हता.

"हारा हुआ है," चाची म्हणाल्या, "मगर खुश है."

ताई माझ्याकडं वळली. "तुला काल खरंच कळलं होतं का?"

चुंबकापासून वाचवून, डोक्यावर धरून आणलेल्या त्या कॅसेटमधलं मला काय कळलं होतं, ते आता कबूल करावं लागणार होतं. "न्हाई," मी म्हणालो. "बिग एवढंच कळलं. पुढचं मी लावलं."

वाटलं, कानाखाली बसेल. तिनं वही मिटली. मग म्हणाली, "त्याला मोठ्या टीममध्ये घेतलंच न्हाई. हेच सांगून राहिलाय तो मला. आणि मी उद्या त्याला काय सांगणार होते, तर नायिकेने मोठ्या शहरात जाण्यास संमती दिली."

"बाबांना सांगू?"

"आत्ता न्हाई."

रविवारी सकाळी आम्ही समोरच्या वकिलांच्या बैठकीत होतो, कारण गल्लीत फोन तेवढाच. बाबा बत्तीस प्रश्नांची वही उघडून ताईच्या समोर धरून उभे, आईचा हात तिच्या पाठीवर. साडेआठला बेल वाजली. ताईनं रिसीव्हर उचलला, वहीकडं पाहिलं आणि ती हातानं खाली सारली.

"हो, पाहिला," ती म्हणाली. "तीनदा. पण आम्हाला इंग्रजी कळलं न्हाई. म्हणून आता तुम्हीच सांगा."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. पहिल्याच प्रश्नाला कोरा पेपर. त्यानंतर कितीतरी वेळ ताई नुसती हं, हं म्हणत होती. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, जसा सिनेमात बघायला हवा होता.

"कधी सुटली?... आणि आता?... पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात? म्हणजे गावच्याच... हं... मग घरी का न्हाई सांगितलं तुम्ही? मला पिक्चर पाठवता, स्वतःच्या वडिलांना न्हाई सांगता येत?" मग एकदम ती हसली. "न्हाई, एक चाची सोडल्या तर कुणी हसलं न्हाई. बाकी सगळे लिहून घेत होते." आणि मग गंभीर होऊन, "थांबा, आई विचारतेय. तिथं भूकंप होतो का?... न्हाई म्हणतात, आई. वादळं होतात."

"वादळं चालतात," आई म्हणाली.

शेवटचं वाक्य ताईनं आमच्याकडं पाठ करून, हळू म्हटलं, पण मी जवळ होतो, मला ऐकू आलं. मग तिनं फोन ठेवला.

घरी येऊन तिनं सरळ सांगितलं. मोठी कंपनी वर्षापूर्वीच सुटली. आता एका बारक्या गावच्या पाणीपुरवठ्यात नोकरी आहे. मुरुडला कुणाला माहीत नाही. तिथं अजून मोठ्या कंपनीतला साहेब म्हणूनच सांगतात.

"फसवून राहिलेत आपल्याला," बाबा म्हणाले.

"त्याच्या घरच्यांनाच माहीत न्हाई, बाबा. त्यानं तर मला सांगितलं."

"म्हणजे नापासच ना एकूण."

"तुमच्या बॅचला नापास झालेली किती पोरं आहेत?"

बाबांकडं सगळे रिपीटरच यायचे. पहिल्या फटक्यात इंजिनिअरिंग हुकलेली, वर्ष वाया घालवून पुन्हा बसणारी मुलं. त्यांच्या आईबापांना बाबा समोर बसवून तासतास समजवायचे की यात काही कमीपणा नाही. आता स्वतःची पाळी आली तर तेच बाबा प्रश्नांच्या वहीची पानं उलटत राहिले. शेवटी म्हणाले, "आधी त्याच्या घरच्यांना कळू दे. मग बघू." ते बघू कसलं होतं ते कुणालाच समजलं नाही. ताईलाही नाही.

मी लातूरला परतलो. पुढचे आठ दिवस मला आजही आठवतात ते जिन्यावरच्या पावलांच्या आवाजानं. कुणी वर यायला लागलं की मी पुस्तकात डोकं घालायचो. त्यानं घरी सांगितलं असेल का? नसेल तर? सांगितलं आणि मुरुडकर चिडले तर? माझ्या एका चुकीच्या वाक्यावर ताईचं सगळं जाता जाता राहिलं होतं, आणि अजूनही राहिलंच आहे याची खात्री नव्हती. परवलयाच्या सूत्रात मी तीनदा चुकलो. सरांनी विचारलं, "लक्ष कुठं आहे?" मी म्हणालो, मुरुडला. वर्ग हसला.

नवव्या दिवशी मुरुडचे काका आले. या वेळी हातात काही नव्हतं. कॉटवर पूर्ण बसले, स्लॅबकडं बघितलंही नाही.

"पाव्हणे, तुम्हाला म्हाईत होतं?"

"हो, काका."

"पोरगं फोनवर रडलं हो. वर्षभर खोटं बोलून राहिलं आमच्याशी. आम्ही गावभर पेढे वाटले होते त्या कंपनीचे." त्यांनी टॉवेलानं मान पुसली, मग तोंड. "मला राग आला, पण त्याचा न्हाई, माझाच आला. आता तुमच्या घरी कुठल्या तोंडानं जाऊ? तुमच्या वडलांनी मोडलंच असंल."

"बाबा म्हणाले, बघू."

"बघू म्हणजे मोडलंच की."

मला खोटं बोलून त्यांना धीर द्यावासा वाटला. सवय होतीच. मग म्हणालो, "बाबांचं मला माहीत न्हाई. ताई फोनवर शेवटी काय म्हणाली ते मी ऐकलंय."

ते एकदम पुढं सरकले. "काय म्हणली? नीट सांगा. जसंच्या तसं."

"म्हणाली, 'तुम्ही आधी घरी सांगा. सांगितलंत की माझा होकार आहे असं समजा. बाबांना मी बघते.'"

"असंच म्हणली? तुम्ही काही पदरचं घातलं न्हाई ना?"

"न्हाई, काका. मराठीत बोलली ती."

त्यांनी मला ते वाक्य आणखी एकदा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मग ते उठले, चपलांत पाय सारले आणि दारातूनच विचारलं, "नांदेडची गाडी किती वाजता हाय?"